हेरकाका

हेरकाकांना कुत्र्यांची भीती वाटते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढचं वाचून तसं कुणाला वाटणार नाही. टेकडीवर येताना त्यांच्या हातात काठी असते, ती गुडघ्यांसाठी नसते. भटकी कुत्री दिसली की चालता चालता ते माझ्या डावीकडून उजवीकडे येतात, वाक्य मात्र तुटू देत नाहीत. घरात कधी कुत्रं पाळलं नाही. कुणाच्या कुत्र्याच्या पाठीवरून त्यांनी हात फिरवल्याचं कुणाच्या पाहण्यात नाही. पण जातिवंत जर्मन कुत्रं घेऊन कुणी समोरून आलं आणि त्या जातीचं नाव त्याने वेडंवाकडं घेतलं, की काका थांबतात. साखळी घट्ट धरलेली आहे ना ते बघतात, दहा पावलांचं अंतर राखतात आणि तिथून दुरुस्ती सुरू करतात. मालकाची. कुत्र्याचं काही चुकलेलं नसतं.

“रॉटव्हीलर नाही हो! टू-व्हीलर, फोर-व्हीलर, रॉटव्हीलर असा क्रम नाहीये तो. रॉट-वाइ-लर. वाई. आपली कृष्णाकाठची वाई.”

मालक बहुधा विशीतला पोरगा असतो आणि धिप्पाड कुत्रं त्याला उताराकडे ओढत असतं. तो “हो काका, हो काका” म्हणत दिसेनासा होतो. काका त्याच्या पाठीवर ओरडतात, “जोर पहिल्या अक्षरावर!”

त्यांचं खरं नाव सोसायटीत फक्त मेंटेनन्सच्या पावतीवर उरलं आहे. पुण्यात आठवीत गेलेलं मूल संस्कृत घ्यायचं की जर्मन, याचा निर्णय कशात मार्क जास्त पडतात त्यावर करतं. आमच्या इमारतीतल्या जर्मनवाल्या पोरांना काकांनी एकदा स्वतःची ओळख ‘हेर अमुक-अमुक’ अशी करून दिली. जर्मनीत पुरुषाच्या आडनावाआधी ‘हेर’ लावतात. पोरांनी आडनाव टाकून दिलं आणि हेर ठेवला. तो त्यांना मराठीतही बसला, कारण चार माणसं बोलत असली की काका जरा बाजूला उभे राहून कान देतात आणि चूक हाती लागेपर्यंत हलत नाहीत.

काका पिंपरीकडच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होते. नकाशे जर्मनीहून यायचे, त्यावरच्या सूचना जर्मनमध्ये असायच्या. इतरांनी त्यातले आकडे वाचले, काकांनी अक्षरं वाचली. संध्याकाळी रानडे इन्स्टिट्यूटला क्लास, पुढे मॅक्समुल्लर भवन. तरुणपणी कंपनीने सहा महिने तिकडे पाठवलंही होतं. पण तेव्हा कारखाना, खोली आणि बटाटे यांपलीकडे जर्मनी फारशी दिसली नाही, असं ते स्वतःच सांगतात. निवृत्तीनंतर एवढी जर्मन खर्चायची कुठे, हा प्रश्न होता. जर्मनीहून पुण्यात आलेल्या वस्तूंपैकी टेम्पो कधीच मराठी होऊन गेला होता. हॅम्बुर्गच्या एका कंपनीचं ते नाव, आता कुणी दुरुस्त करायला गेलं तर टेम्पोवाला अंगावर येईल. फोल्क्सवागनवाल्यांनी काच वर करून घेतली. उरली कुत्री. ती रोज सकाळी सहा वाजता टेकडीवर हजर.

काकांचे नियम थोडेच आहेत. डब्ल्यू दिसला तर व म्हणा, व्ही दिसला तर फ म्हणा. शब्दाच्या शेवटी डी आला तर त्याचा ट होतो, बी आला तर प. म्हणून कुत्रा या अर्थाचा ‘हुंड’ बोलताना ‘हुंट’ होतो. (हे ऐकून आमचा वॉचमन म्हणाला होता, “बरं झालं साहेब, हुंडा म्हटल्यावर केस होते.”) एस-पी म्हणजे श्प. आणि झेड हा झ नव्हेच. इथे काकांची छाती फुगते.

“तो आपला च आहे. चिंचेतला नव्हे, चाकातला. चमचा, चोर, पाच! हिंदीवाल्यांकडे हा च नाही, इंग्रजांना शब्दाच्या सुरुवातीला जमत नाही. मराठी माणसाला जन्मतः मिळालाय. आणि तुम्ही श्नॉझर म्हणता?”

हे त्यांनी ज्या बाईंना ऐकवलं त्यांचा श्नॉझर मिशा फेंदारून ऐकत होता. बाईंनी ‘श्नाउचर’ म्हणून बघितलं, चाकातल्या च ने. जमलं. काका खूश झाले आणि खूश झाले की ते व्युत्पत्तीकडे वळतात, तिथेच घात होतो. “श्नाउच म्हणजे थोबाड,” ते बाईंकडे पाहत म्हणाले, “मिशाळ थोबाड.” पुढे ते सांगणार होते की १८७९ साली हॅनोव्हरच्या प्रदर्शनात याच नावाच्या कुत्र्याने बक्षीस मिळवलं आणि नाव अख्ख्या जातीला चिकटलं. पण बाई तोवर पाण्याच्या टाकीपर्यंत पोचल्या होत्या. अजून त्या काकांना बघून वाट बदलतात. कुत्रं मात्र शेपूट हलवतं.

काकांची सगळ्यात चांगली कामगिरी कोणती म्हणाल, तर त्यांनी या जर्मन कुत्र्यांना मराठी आडनावं दिली. जर्मनमध्ये गावाच्या नावाला ‘अर’ लावला की त्या गावचा माणूस होतो, म्हणजे हा आपला ‘कर’. रॉटवाइलर म्हणजे रॉटवाइलकर. नेकार नदीवरचं रॉटवाइल हे रोमनांनी इसवी सन ७३ मध्ये वसवलेलं, बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यातलं सगळ्यात जुनं गाव. तिथले खाटीक गुरांचे कळप हाकायला ही कुत्री ठेवत. बाजार करून परतताना पैशांची पिशवी कुत्र्याच्या गळ्यात बांधत, म्हणजे वाटमाऱ्याची हिंमत नको, अशी गोष्ट सांगतात. माणूसही रॉटवाइलर, कुत्राही रॉटवाइलर. “पुणेकर म्हटल्यावर तो चावेलच असं थोडंच असतं?” असं काका विचारतात. टेकडीवर मुंबईहून आलेले एक गृहस्थ असतात, ते अशा वेळी काही बोलत नाहीत.

त्याच हिशेबाने राखाडी, देखणा वाइमारानर हा वाइमारकर. गटे आणि शिलरच्या गावचा, म्हणून काका त्याला पाहून अंतर थोडं कमी करतात, आठ पावलं. सिंहासारखी आयाळ असलेला लेओनबेर्गर हा लेओनबेर्गकर. श्टुटगार्टजवळच्या त्या गावात हाइनरिश एसिग नावाच्या माणसाने तो एकोणिसाव्या शतकात तयार केला.

मग आमचे तळमजल्यावरचे शेजारी पुढे आले. आयकर खात्यातून निवृत्त झालेले, डॉबरमॅन पाळलेला. “आमचा कुठला कर?” त्यांनी विचारलं.

“तुमचा गावकर नाही,” काका म्हणाले, “तुमचा करवाला.” आणि हे शब्दशः खरं आहे. कार्ल फ्रीडरिश लुई डोबरमान हा थ्युरिंगियातल्या आपोल्डा गावचा करवसुली करणारा माणूस. गावातली मोकाट कुत्री पकडण्याचं कामही त्याच्याकडे होतं. वसुलीचे पैसे घेऊन हिंडायचं आणि लोकांना आपण आवडत नाही याची पूर्ण कल्पना. तेव्हा सोबतीला एक तल्लख, धाडसी आणि दिसताक्षणी समोरच्याचे हिशेब चोख करणारं कुत्रं हवं म्हणून त्याने ही जात जुळवायला घेतली. तो १८९४ साली गेला, त्यानंतर जातीला त्याचं नाव मिळालं. जर्मनमध्ये त्याच्या शेवटी दोन एन आहेत, अमेरिकनांनी एक खाल्ला. त्या दिवसापासून आमचे शेजारी कुत्र्याची ओळख ‘आमच्या डिपार्टमेंटचा’ अशी करून देतात. काकांकडून दुरुस्त होऊन आनंदी झालेला मला माहीत असलेला हा एकमेव माणूस.

एरवी लोक चिडतात, आणि मला त्यांची बाजू कळते. चुकणाऱ्या माणसावर वैतागता येतं, मागून त्याला माफही करता येतं. काका चुकतच नाहीत. सोसायटीच्या सेक्रेटरींनी एकदा फळ्यावर सूचना लावली : ‘रॉटव्हीलर, डॉबरमॅन, अल्सेशियन इत्यादी हिंस्र कुत्री लिफ्टमध्ये आणू नयेत.’ दुपारपर्यंत तिच्यावर लाल शाईने तीन दुरुस्त्या झाल्या होत्या, शिवाय ‘हिंस्र’च्या जागी ‘मोठी’. सेक्रेटरींनी सूचना सुधारून पुन्हा लावली. आता तिच्यातलं ‘डॉइचर शेफरहुंट’ वाचायला माणसं लिफ्ट सोडून थांबायला लागली आणि तेवढ्यात कुत्री वर जाऊन यायची.

त्या अल्सेशियनवर काकांचा वेगळा राग आहे. आमच्या आईच्या पिढीला हाच शब्द ठाऊक. बंगला म्हटला की फाटक, फाटक म्हटलं की ‘कुत्र्यापासून सावध राहा’ची पाटी आणि पाटीमागे अल्सेशियन. काका सांगतात ती हकीकत अशी : १८९९ साली कार्ल्सरूहच्या प्रदर्शनात माक्स फोन श्टेफानिट्स नावाच्या घोडदळातल्या अधिकाऱ्याला एक मेंढपाळी कुत्रा आवडला. त्याने तो विकत घेतला, त्याच साली संस्था काढली आणि हा कुत्रा तिच्या वहीत पहिल्या नंबरावर लिहिला. आधी त्याचं नाव ‘हेक्टोर’ होतं, ते बदलून ‘होरांट फोन ग्राफराट’ केलं. म्हणजे लग्नात मुलीचं नाव बदलतात तसं पहिल्याच जर्मन शेफर्डचं बदललं. मग पहिलं महायुद्ध झालं. ब्रिटनमध्ये जर्मन म्हणवून घेणं राजालाही परवडेना, त्यानेही १९१७ मध्ये घराण्याचं नाव बदलून विंडसर केलं, तिथे कुत्र्याची काय कथा! त्याला सरहद्दीवरच्या अल्सास प्रांताचं नाव देऊन टाकलं आणि युद्धानंतर तो प्रांत गेला फ्रान्सकडे. इंग्रजांच्या केनेल क्लबने मूळ नाव परत दिलं ते १९७७ साली.

“कुत्रं जर्मन, प्रांत फ्रेंच, नाव ठेवणारे इंग्रज,” काका म्हणतात, “आणि आपण हाक मारायची टायगर!”

माझं मत विचाराल तर काकांचा खरा जीव उच्चारात नाही, या घोटाळ्यांत आहे. उच्चार ही फक्त दारावरची बेल. ग्रेट डेन घ्या. त्याचा डेन्मार्कशी काही संबंध नाही. ‘मोठा डॅनिश’ हे नाव फ्रेंचांकडून आलं. जर्मन त्याला ‘डॉइचे डॉगे’ म्हणतात, बिस्मार्ककडे असायचे ते हेच. आता यातला ‘डॉगे’ हा शब्द इंग्रजी डॉगवरून घेतलेला. म्हणजे इंग्रज जर्मन कुत्र्याला डॅनिश म्हणतात आणि जर्मन त्याला इंग्रजीत कुत्रा म्हणतात. काका हे सांगताना टेकडीच्या चढावरही थांबत नाहीत. पॉमेरेनियनचा प्रांत पोमेर्न, तो आज बहुतेक पोलंडात, आणि त्याचं नाव मुळात स्लाव्ह, ‘समुद्राकाठचं’ अशा अर्थाचं. आपल्याकडे ज्या पांढऱ्या केसाळ कुत्र्याला घरोघरी ‘पामेरियन’ म्हणून दूधपोळी घातली तो बहुतेक वेळा भारतीय श्पिच होता, पाचातल्या च ने. ‘हम आपके हैं कौन’मधला टफीसुद्धा. हे काकांनी गणपतीच्या सभामंडपात जाहीर केलं तेव्हा दोन कुटुंबांत काही दिवस अबोला होता. म्हणे आमची पिंकी पामेरियन नाही हे सांगणारे हे कोण?

पूडलपाशी काका जरा अडतात, कारण तिथे उच्चारात दुरुस्त करण्याजोगं काही नाही. लोक त्याला फ्रेंच समजतात एवढाच आधार. नाव जर्मन, पाण्यात डुबकडुबक करणारा अशा अर्थाचं. केसांचे ते गोंडे पाण्यात उतरणाऱ्या शिकारी कुत्र्याचे. पण पूडलच्या निमित्ताने शोपेनहाउअर येतो आणि मग अर्धा तास काका कुणाचे नसतात. फ्रँकफुर्टला राहणारा हा तत्त्वज्ञ उपनिषदांचा भक्त. दारा शुकोहने फारसीत करवलेलं भाषांतर, त्याचं लॅटिन, आणि लॅटिनमध्ये उपनिषदांचं झालेलं ‘औपनेखट’. त्याने जन्मभर पूडल पाळले आणि त्यांचं नाव ठेवलं आत्मा. एक गेला की दुसरा आणायचा, त्याचंही नाव आत्मा. पूडल बदलायचे, आत्मा तोच. खोडी केली की तो त्याला ‘अरे माणसा!’ म्हणून रागवायचा, असं सांगतात.

“पण हाक मारताना तो आटमा म्हणत असणार हो,” काका कळवळून म्हणतात. “त्यांच्याकडे आपला त नाही.”

“मग जा तिकडे आणि करा दुरुस्त,” काकू म्हणाल्या. आणि योग असा, की लेकीने तिकिटं पाठवली.

लेक-जावई श्टुटगार्टला नोकरी करतात. पुण्यातून तिकडे इतके इंजिनिअर गेले आहेत की आमच्या इमारतीत ‘श्टुटगार्टला’ हे ‘सांगवीला’ इतक्या सहज म्हणतात. काकांनी जुन्या वह्या काढल्या, चष्म्याचा नंबर बदलून घेतला. पुढचं सगळं मी काकूंकडून ऐकलं आहे. काकांची आवृत्ती वेगळी आहे, पण तिच्यात व्याकरण फार आहे.

पहिल्याच सकाळी बागेत एक वयस्कर बाई आखूड पायांचं, लांबुडकं कुत्रं घेऊन आल्या. या क्षणासाठी काका टेकडीवर वर्षानुवर्षं तालीम करत होते. पुण्यात लोक त्याला डॅशहाउंड म्हणतात, कुणी नुसतंच डॅशू. काकांनी किती जणांना सांगितलं असेल : डाक्स म्हणजे बिळात राहणारा बॅजर, त्याला बिळात घुसून हुसकावणारा तो डाक्सहुंट, पाय आखूड आहेत ते कामासाठी आहेत, हसू नका. ते पुढे झाले, दहा पावलांवर थांबले आणि निर्दोष जर्मनमध्ये म्हणाले, “सुप्रभात. काय सुंदर डाक्सहुंट आहे!”

बाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. “डाकल,” त्या म्हणाल्या.

काकांना वाटलं ऐकू कमी येत असेल. त्यांनी सावकाश, अक्षर सुटं करून पुन्हा सांगितलं. बाईंनीही सावकाश, अक्षर सुटं करून सांगितलं, “डा-कल.” बोलण्याच्या पद्धतीवरून काकूंनी लगेच ओळखलं की ही तिकडची हेरकाकू आहे.

खरी गोष्ट अशी, की डाक्सहुंट जर्मनीत पुस्तकात असतो. रस्त्यावर तो डाकल. शिकारी लोक त्याला टेकल म्हणतात, आणि १८८८ पासून चालत आलेल्या त्यांच्या संस्थेच्या नावातही टेकलच आहे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकचं शुभचिन्ह झालेला वाल्डी, तोही त्यांच्या लेखी डाकल. डाक्सहुंट जपून ठेवला तो इंग्रजांनी, अमेरिकनांनी आणि आमच्या काकांनी. त्या दिवशी काका घरी आले आणि समोर ठेवलेला चहा काही न बोलता प्यायले. “चहा पाणचट झाला होता,” काकू म्हणाल्या, “तरी बोलले नाहीत. मी घाबरले.”

पण काका कच्चे नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते डाकल म्हणायला लागले, आणि नवा शब्द हातात आला की तो वापरल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. ट्रामच्या थांब्यावर एक गृहस्थ बाकावर बसले होते. त्यांचं कुत्रं बाकामागे गेलेलं, काकांना शेपटीचा शेंडा तेवढा दिसला. काका प्रसन्न हसले, बोट दाखवलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “डाकल!”

गृहस्थ लालबुंद झाले आणि बराच वेळ बोलले. काकांना काहीही कळलं नाही, कारण ते श्वाबी बोलीत होतं, जिच्यात मॅक्समुल्लर भवनाने शिकवलेला ‘इस्ट’सुद्धा ‘इश’ होतो. शेवटचा शब्द मात्र स्पष्ट ऐकू आला आणि काकांनी तो तिथल्या तिथे वहीत टिपला : ‘हाल्पडाकल’. त्यापुढे कंसात ‘नवी जात? संकर असावा’.

रात्री जेवताना त्यांनी जावयाला विचारलं, “हाल्प म्हणजे अर्धा, बी चा प, ते कळलं. पण हा अर्धा डाकल उंचीने कमी की छातीने? कारण डाकलचा आकार इथे छातीच्या घेरावर ठरवतात ना?” जावई आधी खोकला, मग पाणी प्यायला, मग उठून गॅलरीत गेला. लेकीने समजावून सांगितलं. श्वाबी बोलीत डाकल म्हणजे मूर्ख. आणि हाल्पडाकल त्याहून वाईट, कारण त्याच्याकडे डाकलचीही अक्कल पूर्ण नसते.

काकूंना वाटलं हे आता बागेत जाणं सोडतील. काकांनी वहीतला कंस खोडला, त्यावर नवा अर्थ लिहिला आणि पुढचे आठ दिवस ते फक्त शिव्यांच्या मागे होते. ‘ग्रासडाकल’ नावाचा एक आणखी वरच्या दर्जाचा प्रकार त्यांनी शेजारच्या फ्लॅटमधल्या आजोबांकडून मिळवला. रॉटवाइलला जायचं ठरलं होतं ते राहून गेलं.

परत आल्यावर मी त्यांना विचारलं, “काका, शोपेनहाउअरच्या आत्म्याचं काय झालं?”

“तो फ्रँकफुर्टला,” ते म्हणाले. “मी श्वाबेनमध्ये होतो.”

टेकडीवर आता ते डॅशहाउंडवाल्यांना थेट ‘डाकल’ सांगतात, आणि ज्यांना मागच्या वर्षी डाक्सहुंट शिकवलं होतं त्यांनाही, जणू मधलं काही घडलंच नाही. दोघा-तिघांनी आठवण करून दिली. “ते पुस्तकी झालं,” काका म्हणाले.

परवा काका-काकू डेक्कनहून रिक्षाने घरी येत होते. कर्वे रस्त्यावर एका मोटारसायकलवाल्याने उलट्या बाजूने येऊन रिक्षापुढे चाक घातलं. रिक्षावाल्याने त्याला आपल्या परीने संबोधलं आणि काकांनी आपल्या : “हाल्पडाकल!”

“काय म्हणालात, काका?” रिक्षावाल्याने आरशातून विचारलं. त्याला शब्दाचं वजन आवडलं होतं.

काकांनी अर्थ सांगितला. रिक्षावाल्याने ‘हाफडाकल’ म्हणून बघितलं. काका म्हणाले, हाफ इंग्रजांचा, आपला हाल्प, ल खाऊ नका. मग ‘हल्पडाकूल’ झालं. मग कोथरूडच्या सिग्नलला दिवा हिरवा झाला तरी काका ‘डा’वरचा ‘आ’ मोकळा करून घेत होते आणि मागचे सगळे हॉर्न वाजवत होते.

घरापाशी मीटरचे अठ्ठ्याऐंशी झाले. काकांनी शंभराची नोट दिली. रिक्षावाला म्हणाला सुटे नाहीत. काका म्हणाले बारा रुपये होतात, मी थांबतो. तो म्हणाला दहा घ्या. काका म्हणाले बारा. दोन रुपयांवरून पाच मिनिटं गेली, आणि शेवटी रिक्षावाल्याने स्टार्टर ओढता ओढता, ल न खाता, आ मोकळा सोडून, जोर नेमका पहिल्या अक्षरावर देऊन, काकांना तो शब्द ऐकवला.

“अचूक!” काका म्हणाले, आणि बाराच्या बारा रुपये त्याला ठेवायला सांगून जिना चढायला लागले.